नानांच्या गाडीचं इंजिन

तासगावच्या मगदूम आण्णांकडून बेदाण्याचा डबा परवा एसटीने आला. पत्र्याचा डबा, त्याला पांढरं कापड शिवलेलं आणि कापडावर निळ्या पेनाने 'हवालदार, रहिमतपूर' एवढंच लिहिलेलं. झाकण काढलं तसा स्वयंपाकघरात वास पसरला. गोड, किंचित आंबूस, आणि त्याच्यामागे कुठेतरी रॉकेलचा. रॉकेल डब्यात असणं शक्य नाही, हे मला कळतं. तो वास माझ्या डोक्यात बसलाय, तीन वर्षांपूर्वीच्या बेदाण्याच्या सीझनपासून. दरवर्षी फाल्गुन सरता सरता हा डबा येतो आणि मला चार दिवस नीट झोप लागत नाही. त्याचं कारण आज लिहूनच टाकते.

हवालदार म्हणजे माझे यजमान. फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपात उभी हयात काढून आले, तेव्हापासून गावाने त्यांना दुसरं नाव ठेवलेलं नाही. मीही हवालदारच म्हणते. ते मला 'बाई' म्हणतात आणि थट्टेने अहो-जाहो करतात, कारण मी इथल्या शाळेत भूगोल शिकवायचे. आमच्या घरात एक हवालदार आणि एक बाई राहतात, नवरा-बायको अधूनमधून येऊन जातात.

त्या वर्षी माघापासून वैशाखापर्यंत आम्ही दर आठवड्याला तासगावला जात होतो. सकाळची एसटी, कडेला ऊस, मग हळूहळू ऊस मागे पडून द्राक्षाचे मांडव सुरू व्हायचे. माळावर बेदाण्याची शेडं. शेड म्हणजे काय, तर लोखंडी खांबांवर जाळीचे थरावर थर आणि त्या जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं. पहिल्या आठवड्यात ती हिरवी, टपोरी असतात. दुसऱ्या आठवड्यात सुरकुततात. त्यानंतर एक दिवस असा येतो की ते द्राक्ष राहिलेलं नसतं आणि बेदाणाही झालेलं नसतं. मी आण्णांना विचारलं, ह्या अवस्थेला काय म्हणायचं? आण्णा म्हणाले, "त्येला काय म्हणायचं न्हाई बाई, त्येच्याकडं नुसतं बगत बसायचं." भूगोलात प्रत्येक गोष्टीला नाव असतं. मला ते उत्तर फार आवडलं.

आम्ही जात होतो ते मात्र बेदाण्यासाठी नाही, एका इंजिनासाठी.

माझे वडील, नाना, वडूजला डॉक्टर होते. त्यांच्याकडे काळ्या रंगाची, विलायती बनावटीची जुनी मोटार होती. दारं जड, बसायच्या गाद्या लाल, आणि पेट्रोलवर चालणारं मूळचं इंजिन. माणदेशाच्या कडेची सगळी खेडी नानांनी त्या गाडीतून पालथी घातली. इंजेक्शनाच्या भीतीने पोरं त्या गाडीच्या आवाजाला लपून बसायची. मग पेट्रोल महागलं. त्या सुमारास पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवायची टूम सगळीकडे निघाली होती. हवालदार तेव्हा नुकतेच जावई झालेले, तरुण, हात शिवशिवणारे. रजेवर आले आणि दहा दिवसांत त्यांनी सासऱ्यांची गाडी डिझेलवर केली. मूळ इंजिन सांगलीच्या भंगार बाजारात दिलं. कुणी सांगितलं नव्हतं. सासऱ्याचा खर्च वाचावा एवढंच मनात होतं.

गाडी सुरू केली आणि अख्खी पेठ बाहेर आली. कुणीतरी म्हणालं, डॉक्टर आलं का ट्रॅक्टर आला? सगळे हसले. नानाही हसले, जावयाच्या पाठीवर थाप मारली, चांगलं काम केलंत म्हणाले. हवालदार खूश होऊन ड्यूटीवर परत गेले.

नाना गेले तेव्हा दहाव्याला त्यांच्या जुन्या कंपाउंडरने बोलता बोलता सांगितलं, "डॉक्टर त्या दिवसापास्नं गाडीत बसलंच न्हाईत. एस्टीनं जायचं, न्हाईतर कुणाच्या तरी फटफटीवर." मला हे माहीत होतं. मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आणि नानांनी मला तशी ताकीद दिलेली होती. पण कंपाउंडर सांगत असताना हवालदार नेमके मागे उभे होते. ते तिथूनच नदीवर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. ज्याची क्षमा मागायची तो माणूस निघून गेला होता, आणि त्याची तक्रार कधी नव्हतीच. असल्या ओझ्याचं माणसाने काय करावं, हे मला अजूनही कळलेलं नाही.

पुढे गाडी आमच्याकडे आली. निवृत्त झाल्यावर हवालदारांनी तिचा पत्रा केला, गाद्या शिवून घेतल्या, दिव्यांच्या काचा कुठून कुठून मिळवल्या. सगळं झालं, पण त्यांच्या लेखी काहीच झालं नव्हतं. त्यांना इंजिन हवं होतं. तसलं नव्हे, तेच. आरसी बुकात मूळ इंजिनाचा नंबर लाल शाईने खोडलेला आहे. त्यातले शेवटचे पाच आकडे त्यांना तोंडपाठ. एक, चार, शून्य, सात, दोन. आंघोळ करताना म्हणायचे. देवापुढे उभे राहिले तरी ओठ तेच पुटपुटत असावेत असा मला संशय होता.

त्या नंबराच्या मागे आम्ही दोन जिल्हे हिंडलो. एक इंजिन कराडजवळच्या रसवंतीवर ऊस पिळत होतं. एकाचा नुसता सांगाडा मिरजेच्या बाजूला गोठ्यात होता, त्याला म्हैस बांधलेली. हवालदार म्हशीला ढकलून खाली वाकले, नंबर घासून पाहिला आणि म्हशीचीच माफी मागून परत आले. अशी पाच झाली. पाचही त्याच बनावटीची, एकही नानांचं नाही. पाचव्यानंतर परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाई, आता एकच. ते बी न्हाई निघालं तर गाडी इकून टाकायची. दारात हुबी दिसली की जेवान जात न्हाई मला." हे ते रागाने म्हणाले असते तर मी सोडून दिलं असतं. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले.

सहाव्याचा पत्ता सांगलीच्या एका म्हाताऱ्या भंगारवाल्याने दिला होता. तसलं एक इंजिन फार वर्षांपूर्वी तासगावकडच्या एका जैन बागायतदाराने नेलं होतं म्हणे. ते हे मगदूम आण्णा. आण्णांनी इंजिन लोखंडी चौकटीवर बसवून रॉकेलवर केलं होतं. बेदाण्यातल्या काड्या उडवायला पंखा असतो. वीज गेली की पंख्याचा पट्टा ह्या इंजिनावर चढवायचा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा शेडाच्या भिंतीला चिकटून ते बसलेलं होतं, नखशिखान्त निळं.

"निळं कशानं?" हवालदारांनी विचारलं.

"आवं, खंडेनवमीला रंगवतो की," आण्णा म्हणाले. "औताला, पंपाला, ह्येला. दर वरसाला एक हात. औंदा निळा हाय. गेल्या साली तांबडा व्हता."

तिथेच सगळं अडलं. तीसेक खंडेनवम्यांचा तेलरंग थरावर थर बसून त्या इंजिनाची कातडी झाली होती आणि नंबर त्याच्या खाली गाडला गेला होता. त्यातून नंबराची बाजू भिंतीकडे. चौकट उचलल्याशिवाय तिथे हात पोचत नव्हता, आणि सीझन संपेपर्यंत आण्णा चौकट हलवू देईनात. "इंजिन काय पळून जातंय व्हय? बेदाणा पोत्यात पडूदे, मग न्या. तवर तुमीच बगा त्येच्याकडं." म्हणजे नंबर तोच की दुसरा, हे तीन महिने कळणार नव्हतं. मला वाटलं हवालदार वैतागतील. ते तिथेच बाही सरसावून प्लग काढायला बसले.

तो सीझन असा गेला. ते इंजिनाशी, मी काकूंशी, म्हणजे आण्णांच्या मंडळींशी. शेडात बायकांच्या ओळीत बसून मी काड्या निवडायला शिकले. बोटं चिकट व्हायची, पदराला वास यायचा, आणि बायका शाळेतल्या मुलींसारख्या एकमेकींच्या चहाड्या सांगायच्या. उन्हं कलायला लागली की काकू हाक मारायच्या, "बाई, दिवस हाय तवर जेवून घ्या की वो. दिवस बुडाल्यावर आमच्यात चूल न्हाई." कांदा-लसणाशिवायची आमटी इतकी चवदार होते हे मला साठीनंतर कळलं. ऊन अंगावर घेत जेवायचं, हात धुवायचे आणि शेवटच्या एसटीला धावायचं.

त्याच दिवसांत माझ्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. हवालदारांना दिसत नव्हतं. स्क्रू चाचपून शोधायचे. आमटीची वाटी समजून पाण्याच्या पेल्यात भाकरी बुडवली. मोतीबिंदू पिकला होता, पण डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचे, "इंजिन बसूदे आधी." मी म्हटलं, इंजिन बसवायला तरी डोळे लागतील. त्यावर म्हणाले, "बाई, इंजिन हातानं बसवत्यात." फौजी माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

चैत्रात एका दुपारी आभाळ भरून आलं. बेदाणा झाडून खाली ताडपत्रीवर होता आणि अवकाळीचा एक शिपका जरी बसला असता तरी काळा पडून सगळा सीझन मातीत गेला असता. वारा सुटला, वीज गेली, पंखा थांबला. आण्णा शेडाच्या कडेचे प्लॅस्टिकचे कागद खाली सोडायला पळाले. हवालदारांनी पट्टा चढवला, हँडल मारलं, दुसऱ्या फिरकीला इंजिन लागलं. दोन तास ते एका लयीत चाललं. बायका घमेली भरभरून आणत होत्या, काड्या उडत होत्या, पोती शिवली जात होती. शेवटचं पोतं आत गेल्यावर पाऊस आला आणि पत्र्यावर इतका वाजला की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. हवालदार इंजिनावर हात ठेवून उभे होते. मला खुणेने विचारलं, हाच का आवाज? नानांच्या गाडीचा?

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला आठवत नव्हतं. मी खूप प्रयत्न केला. परीक्षेच्या दिवसांत वडूजच्या ओट्यावर मी अभ्यासाला बसायचे, वळणावर गाडी वाजली की आई उठून आमटी गरम करायला ठेवायची. आईचं उठणं आठवतं, तिच्या बांगड्या आठवतात, स्टोव्हला मारलेला पंप आठवतो. मधला आवाज तेवढा गेलेला आहे. ज्याच्यावर सगळी खूण बेतलेली तोच गेला, हे मला त्या पावसात उभं राहून कळलं आणि फार वाईट वाटलं.

वैशाखात शेड रिकामं झालं. आण्णांनी साखळीचा कप्पा लावून चौकट उचलली, इंजिन उन्हात फिरवून ठेवलं. हवालदारांनी थिनरचा बोळा घेतला. निळा गेला, तांबडा निघाला, मग हिरवा, मग परत निळा. काकू म्हणाल्या, "बगा की, आमची सगळी वरसं निघाली." शेवटी काळं लोखंड आलं आणि त्यावर ठोकलेले आकडे.

हवालदार वाकले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मान ह्या बाजूला केली, त्या बाजूला केली. मग सरळ होऊन म्हणाले, "बाई, वाचा जरा. ऊन डोळ्यावर येतंय." ऊन त्यांच्या पाठीवर होतं.

मी वाकले. पहिला आकडा एक. दुसरा तीन होता. स्पष्ट, ठसठशीत तीन. पुढे नऊ, आठ, पाच. मी मान वर करून पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, इंजिनाकडेही नाही, समोरच्या माळाकडे तोंड करून उभे होते आणि हातातला बोळा पिळत होते. आयुष्यभर मी मुलांना सांगत आले की नकाशातली नदी आपल्या सोयीने वळवायची नसते. एका मुलीने कोयनेला चुकीच्या बाजूला नेलं म्हणून तिला मी बाकावर उभं केलेलं आहे.

"एक," मी म्हटलं. मग म्हटलं, "चार." पुढचं सोपं होतं. "शून्य. सात. दोन."

प्रत्येक आकड्याला त्यांनी मान हलवली. मग खाली बसले आणि अंगठा त्या आकड्यांवरून फिरवला, डावीकडून उजवीकडे, सावकाश. बराच वेळ अंगठा तिथेच होता. आण्णांनी विचारलं, "जमलं का हवालदार?" हे म्हणाले, "ओके हाय." काकूंनी इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, आण्णांनी नारळ फोडला. नानांच्या गाडीतलं डिझेल इंजिन काढून पुढे आण्णांच्या चौकटीवर बसवलं. ट्रॅक्टर एकदाचा शेतात गेला.

इंजिनाची कामं साताऱ्याच्या एका मिस्त्रीकडून झाली, त्याला नंबराशी काही देणंघेणं नव्हतं. दसऱ्याला गाडी निघाली. हवालदार मला शेजारी बसवून सरावाच्या रस्त्याने, बैलगाडीच्या चालीने कोरेगावपर्यंत घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून ते नीट जेवायला लागले. कंपाउंडरचं बोलणं ऐकल्यापासून त्यांनी वडूजचं नाव काढलं नव्हतं, तेही काढायला लागले.

माझं मात्र जेवण गेलं. सुरुवातीला वाटायचं, काय बिघडलं? एक माणूस सुखी झाला. मग वाटायचं, हा सुखी झाला तो माझ्या शब्दावर, आणि शब्द खोटा. त्याच्या जिवाचा सगळा भार ज्या पाच आकड्यांवर होता, त्यातला एकच मी खरा वाचला. आणि कधी असंही वाटायचं, की ज्याच्या अंगठ्याला पिस्टनवरचा केसाएवढा ओरखडा कळतो, त्याला चार आणि तीनातला फरक कळला नसेल? विचारायची हिंमत झाली नाही. बॉनेट उघडलं की मी काहीतरी निमित्त काढून आत जायचे.

इंजिन बसलं तरी दोन वर्षं टाळून ह्या पौषात अखेर त्यांनी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. पट्टी निघाली आणि घरात तपासणी सुरू झाली. माळ्यावरची जळमटं, भिंतीची पोपडी, माझ्या कपाळावरचा जुना व्रण, सगळ्यांची हजेरी घेतली. "बाई, तुमचं केस एवढं पांढरं कवा झालं?" मी म्हटलं, तुम्ही इंजिन शोधत होता तेव्हा. एकेक दिवस मी मोजत होते. बॉनेट कधीतरी उघडणारच होतं.

आज सकाळी उघडलं. मी चहा घेऊन अंगणात गेले तेव्हा ते नंबरावरून कोरडं फडकं फिरवत होते. चष्मा नव्हता डोळ्यांवर, आता लागत नाही. ऊन छान पडलं होतं. ते वाकून बघत होते, आणि पाच आकडे वाचायला लागतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ बघत होते. मी कपबशी धरून उभी राहिले. पळून जायला निमित्त सुचलं नाही.

माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, वाचा बगू परत."

मी कपबशी मडगार्डवर ठेवली आणि वाकले. बोटाने एकेक आकडा दाखवत वाचलं. "एक. तीन. नऊ. आठ. पाच." ह्या वेळी सगळे आकडे खरे वाचले.

त्यांनी प्रत्येक आकड्याला मान हलवली. मान एकाही आकड्यावर अडखळली नाही. मग म्हणाले, "व्हय. जुळतोय. नानांचंच हाय." आणि बॉनेट अलगद खाली घेऊन, दोन्ही हातांनी दाबून लावलं.